चौतीस नंबरचे डोळे

इथले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. सकाळच्या चहाबरोबर. कुणाला घाटात कुणी दिसतं, कुणाच्या माडीवर पावलं वाजतात... मी वाचते, हसते आणि कामाला लागते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आणि आता तो बसला असंही मी म्हणणार नाही. माझा पेशाच पुराव्याचा आहे. मी क्युरेटर आहे. एखादी कलाकृती समोर आली की ती कुणी केली, कशात केली, कुठे तडा गेलाय, कुठे नंतर कुणी हात फिरवलाय, हे फोटोसकट नोंदवून खाली सही केल्याशिवाय मी ती जागची हलू देत नाही. जवळजवळ तीस वर्षं हेच करतेय आणि चांगलं करतेय, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

तरीही हे लिहायला घेतलं, कारण एक नोंद माझ्या कुठल्याच रजिस्टरमध्ये बसत नाही.

मी मूळची पेणची. वडील शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. आमच्या घराला लागूनच एक कारखाना होता — पेणमध्ये नुसतं कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच, वेगळं सांगावं लागत नाही. त्या कारखान्यात यमुनाकाकी कामाला होती. ती खाडीकडच्या गावातली, नवरा मिठागरावर. आली तेव्हा माती मळायच्या कामाला आली. पण मालकांच्या हाताला कंप सुटला, आणि ऐन हंगामात डोळे करायला माणूस मिळेना, तेव्हा एके दिवशी तिने कुणाला न विचारता कुंचला उचलला. मालक ओरडायला आले आणि मूर्ती बघून तसेच उभे राहिले. त्यानंतर पस्तीसेक वर्षं त्या कारखान्यातली आखणी तिच्याकडेच राहिली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे लिहिणं. पेणमध्ये मूर्ती घडवणारे पुष्कळ, रंगवणारे त्याहून पुष्कळ, पण आखणी करणारे हात थोडे. त्या काळी त्यात बाई तर एकच.

सुट्टीत मी दिवसभर तिच्याजवळ बसायचे. पापणीची रेघ ओढताना ती श्वास धरायची. रेघ पुरी झाली की मोठा उसासा सोडायची, आणि पुन्हा श्वास धरायची. मध्ये कुणी बोललेलं तिला चालायचं नाही. एकदा मी हट्ट धरला म्हणून तिने मला एका मूर्तीचं तुटकं तोंड दिलं डोळे काढायला. मी तासभर खपले. तिने ते उजेडात धरलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "तुझा हात नाय गो शुभा. पण नजर हाय."

मी बारा वर्षांची होते. मला राग आला होता. पण ती म्हणाली ते खरंच होतं, आणि त्याच नजरेवर मी पुढे पोट भरलं. मुंबईला आर्ट स्कूल, मग एका गॅलरीत फोन घेण्याची आणि चहा सांगण्याची नोकरी. मग हळूहळू प्रदर्शनांची कामं. सहा वर्षं परदेशात एका मोठ्या म्युझियममध्ये. तिथून दिल्ली. दिल्लीत एका नावाजलेल्या चित्रकाराच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी दोन चित्रं भिंतीवरून उतरवायला लावली, कारण ती त्या चित्रकाराची नव्हती. चित्रांच्या मालकाने आकांडतांडव केलं. मी म्हटलं, तपासून घ्या. तपासणीत मी खरी ठरले. तेव्हापासून आमच्या क्षेत्रात 'शुभाला दाखवून घ्या' असं म्हणायची पद्धत पडली.

पन्नाशीला आल्यावर एका ट्रस्टने विचारलं, आम्ही समकालीन कलेचं म्युझियम काढतोय, संचालक व्हाल का? जागा कुठे, तर नागोठणे आणि रोह्याच्या मध्ये, निडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर — बंद पडलेली भाताची गिरणी. मुंबईतल्या मित्रांनी मला वेड्यात काढलं. मी ती इमारत पाहायला गेले. भात साठवायचा लांबलचक हॉल, वर कौलांखाली जाळीचे झरोके, आणि त्यातून जमिनीपर्यंत येणारा एकसारखा उजेड. जगात कुठे मला असा उजेड फुकट मिळाला नव्हता. मी त्याच दिवशी होकार कळवला.

पहिले काही महिने लोक भाताची पोती घेऊन यायचे, गिरण परत चालू झाली का विचारायला. आम्ही त्यांना आत नेऊन चित्रं दाखवायचो. आजही आसपासच्या गावांत आमच्या म्युझियमचं नाव 'गिरण'च आहे. पण दुसऱ्या वर्षी शनिवारी शाळांच्या बस लावायला आवारात जागा पुरेना. मुंबईतले तेच मित्र गाडीभर पाहुणे घेऊन यायला लागले. हे सगळं सांगते ते मोठेपणा म्हणून नाही. त्या दिवशी मी काय होते ते कळावं म्हणून. भांबावलेली, दमलेली, भरून आलेली — यातलं काहीच नव्हते. मी माझ्या कामात ठाम उभी असलेली बाई होते.

आता मूळ गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही अनिकेतचं प्रदर्शन ठरवलं. अनिकेत बडोद्याचा मराठी, वय चाळीसच्या आतबाहेर, शिल्पकार. त्याने पेणहून शाडूच्या एक्कावन्न गणेशमूर्ती घडवून आणल्या. प्रत्येकी एक फुटाची. रंग नाही, दागिने नाहीत आणि डोळे नाहीत. नुसती करडी, कोरडी माती. सगळ्या पाटांवर, ओळीने, भाताच्या त्या हॉलमध्ये, दाराकडे पाठ करून मांडायच्या. बघणाऱ्याने मागून शिरायचं, ओळींमधून चालत पुढे जायचं आणि मग वळायचं — आणि समोर एक्कावन्न आंधळे चेहरे. कुणीच आपल्याकडे बघत नाही असा देव. सहा आठवड्यांनी सगळ्या मूर्ती कुंडलिका नदीत सोडायच्या. कल्पना मला फार आवडली. त्याची अट एकच होती: मूर्तींना कुणाचाही, अगदी कसलाही, हात लागता कामा नये.

उद्घाटनाच्या आधीच्या आठवड्यात मी पेणला यमुनाकाकीला भेटायला गेले होते. त्याच्या चार वर्षं आधी तिला अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. तेव्हापासून ती अंथरुणावरच. बोलणं अडखळत, एखाद-दुसरा शब्द. तिची सून मनीषा तिचं सगळं करते, आणि मनापासून करते. मी काकीला फोनवर त्या मूर्तींचे फोटो दाखवले. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "डोळं कवा?"

मी सांगितलं, डोळे करायचेच नाहीत, कल्पनाच तशी आहे. तिने मान भिंतीकडे वळवली. मनीषा म्हणाली, दमल्या असतील. मी निघाले.

शनिवार उजाडला. रविवारी उद्घाटन. आमच्या नोंदी बघणारी शबाना, रोह्याची, भाऊ दुबईला, घरात तिच्याइतकी शिकलेली तीच पहिली. ही मुलगी इतकी काटेकोर आहे की माझ्या स्पेलिंगच्या चुका काढते. तिने सकाळी अकरा ते एक एकेका मूर्तीचा समोरून आणि मागून फोटो काढला, नंबर घातले, कंडिशन रिपोर्ट भरला. एक ते एक्कावन्न. बरोबर एकला मी हॉलला कुलूप लावलं. दार एकच आहे. किल्ली एकच, माझ्या पर्समध्ये. झरोक्यांना लोखंडी जाळी, आणि ते जमिनीपासून पंधरा फुटांवर.

आम्ही जेवायला बसलो ते दारासमोरच्या ओट्यावर. मी, अनिकेत, शबाना आणि वॉचमन काशिनाथमामा. शबानाच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि मांदेली आली होती, त्यामुळे जेवण चांगलं लांबलं. कुणी उठून गेलं नाही. दार सगळा वेळ आमच्या डोळ्यांसमोर होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी मी कुलूप काढलं आणि आम्ही तिघं आत गेलो.

ओळींमधून पुढे जाऊन वळलो, आणि शबानाच थांबली. "मॅडम, चौतीस नंबर," ती म्हणाली.

चौतीस नंबरच्या मूर्तीला डोळे होते.

मी जवळ गेले. काळा रंग अजून ओला होता, उजेडात चमकत होता. खाली पाटावर एक थेंब नाही. हॉलमध्ये काळ्या रंगाची बाटलीच काय, कुंचलाही नव्हता. शबानाने तिथल्या तिथे फोटो काढला, वेळ नोंदवली.

आणि मी? मी त्या डोळ्यांकडे बघत उभी राहिले, कारण मला ते कुणाचे आहेत हे कळलं होतं. वरची पापणी बाहेरच्या टोकाकडून आत ओढलेली, एका दमात, टोकाला केसासारखी बारीक होत गेलेली. बुबुळात वरच्या बाजूला सोडलेला मोहरीएवढा कोरा ठिपका. खालची रेघ मध्येच किंचित सोडून पुन्हा धरलेली. पेणमधल्या दुसऱ्या कुणाच्याही आखणीत ही तिन्ही एकत्र नाहीत. लहानपणी असे हजारो डोळे मी ओले असताना पाहिले होते. दिल्लीत ज्या खात्रीने मी दोन चित्रं उतरवली, त्याच खात्रीने, किंबहुना त्याहून जास्त, मी सांगू शकत होते की हा हात यमुनाकाकीचा आहे.

फक्त तो हात चार वर्षांपासून उशीवर पडून होता, पेणला.

सीसीटीव्ही पाहिला. खरं ते सांगते: कॅमेरा दाराच्या वर आहे, त्यामुळे त्यात मूर्तींच्या पाठी दिसतात, चेहरे दिसत नाहीत. पण सबंध हॉल दिसतो. एक ते दोन-दहा या वेळात दार उघडलेलं नाही, आत कुणी नाही, काही हललेलं नाही. चित्रीकरण कुठे तुटलेलंही नाही. काशिनाथमामांना अनिकेतने जरा वरच्या आवाजात विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले की रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केलीय, डुलकी लागणारा माणूस मी नाय.

मग अनिकेत माझ्याकडे वळला. मला राग नाही त्याचा, त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. तो म्हणाला, "किल्ली तुमच्याकडे. आखणी जवळून पाहिलेल्या तुम्ही. इथे दुसऱ्या कुणाला हे जमेल, सांगा ना शुभाताई." आणि पुढे म्हणाला, हे खोडसाळपणाने कुणी केलं असेल तर मी प्रदर्शन मागे घेतो, आणि का ते सगळीकडे सांगतो.

एखादा कलाकार 'संचालकानेच माझ्या कामाला हात लावला' असं म्हणतो, तेव्हा त्या संचालकाची कारकीर्द संपते. कुठलीही चौकशी लागत नाही. मला ते नीट माहीत होतं. मी त्याला एवढंच म्हटलं की मला जमलं असतं तर मी क्युरेटर झाले नसते, आणि संध्याकाळपर्यंत थांब. शबानाला म्हटलं, चल माझ्याबरोबर. मला साक्षीदार हवा होता.

नागोठणं, कासू, वडखळ... शनिवारचा ट्रॅफिक, हायवेचं काम. पेणला पोचायला चार वाजले. वाटेत मी शबानाला फक्त एवढं सांगितलं की माझ्या ओळखीच्या एका आजारी बाईंना भेटायचंय. डोळे कुणाचे वाटतात, ते सांगितलं नाही. मुद्दामच.

मनीषाने दार उघडलं आणि म्हणाली, "तुम्हांला कुणी कळवलं?"

काय झालं विचारलं, तर तिने सांगितलं. दुपारी ती सासूला भरवत होती. एक वाजून गेला होता. दोन घास झाले आणि काकीने तोंड मिटलं, नजर समोर भिंतीवर लावली आणि श्वासच बंद केला. मनीषा घाबरली, हलवलं. तर काकीने मोठा श्वास सोडला. आणि परत धरला. असं किती वेळा झालं ते तिला मोजता आलं नाही. तिने शेजारणीला डॉक्टरांकडे पिटाळलं. नळाला पाणी दीडला येतं. ते आलं आणि त्याच सुमारास काकीचा श्वास नेहमीसारखा झाला. डॉक्टर आले तोवर ती गाढ झोपली होती. त्यांनी तपासून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं.

"मला वाटलं, गेल्या," मनीषा म्हणाली. "श्वास धरतात काय, सोडतात काय. असं कवा बघितलं नव्हतं मी."

मी पाहिलं होतं. मनीषा लग्न होऊन आली तोवर काकीचं कारखान्यात जाणं जवळपास थांबलं होतं, तिला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आम्ही आत गेलो.

काकी जागी झाली होती. चेहरा ताजा, जेवून निजलेल्या माणसाचा असतो तसा. तिने मला पाहिलं, मागे उभ्या शबानाला पाहिलं. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "डावा... खाली गेला."

मनीषाला वाटलं, डावा हात उशीवरून घसरला. तिने तो उचलून नीट ठेवला. काकीने मान हलवली. माझ्याकडे बघून, एकेक अक्षर ओढत म्हणाली, "डोळा."

शबानाने पर्समधून फोन काढला, सकाळचा नाही, दुपारचा फोटो उघडला आणि मोठा केला. खोलीतला कॅलेंडरचा एक कागद घेऊन त्याची सरळ कड स्क्रीनवर दोन्ही डोळ्यांच्या रेषेत धरली. कारखान्यात डावं-उजवं म्हणजे मूर्तीचं डावं-उजवं, हे मी तिला सांगितलं. तिने पुन्हा कड लावली आणि फोन माझ्यापुढे केला. मूर्तीचा डावा डोळा किंचित खाली होता. अगदी किंचित. एवढा वेळ त्या डोळ्यांसमोर उभी राहूनही ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

मी काकीच्या उशाशी बसले. म्हटलं, "थोडासाच गेलाय काकी. कुणाला कळायचं नाही."

तिने डोळे मिटले. तिला पटलेलं दिसलं नाही.

परत येताना, वडखळ गेल्यावर, शबाना म्हणाली, "मॅडम, हे रिपोर्टमध्ये कसं लिहायचं?" मी म्हटलं, जे पाहिलंस तेवढंच लिही.

अनिकेतला आम्ही सगळं सांगितलं. मी नाही, शबानानेच सांगितलं, क्रमाने, वेळांसकट. त्याने विश्वास ठेवला नाही, पण तो उठला, कॅलिपर घेऊन हॉलमध्ये गेला आणि मोजून आला. दीड मिलिमीटर. मग खुर्चीत बसून राहिला.

मी त्याला म्हटलं, काम तुझं आहे. तुझ्या अटीप्रमाणे हे पुसायला हवं. तू म्हणालास तर मी स्वतः ओल्या कापसाने पुसते, रंग नवा आहे, निघेल. आणि मी तसं केलंही असतं. कलाकाराचा शब्द माझ्याकडे शेवटचा असतो, तिथे मी कुणासाठीच वाकले नाही. मी कापूस, पाणी घेऊन चौतीस नंबरसमोर बसलेही. अनिकेत शेजारी उभा राहून त्या डोळ्यांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "राहू दे. मला नाही पुसवणार." आणि जरा थांबून, "लेबल मात्र लावा. हे माझं नाही."

तेव्हा मला एक गोष्ट त्याला सांगावी लागली, जी मी कधी कुणाला सांगितली नव्हती. वीस वर्षांपूर्वी मुंबईतल्या माझ्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनात मी पेणच्या तीन मूर्ती ठेवल्या होत्या. तिन्हींचे डोळे यमुनाकाकीचे. त्याच प्रदर्शनाने माझं नाव झालं. आणि खाली मी लेबल लावलं होतं — 'अज्ञात कारागीर, पेण'. तशीच पद्धत होती तेव्हा, आणि मी पद्धत मोडायच्या वयाची नव्हते. काकी ते प्रदर्शन पाहायला आली होती, कारखान्यातल्या बायकांबरोबर टेम्पोने. लेबल कुणीतरी तिला वाचून दाखवलं असणार. ती मला काही बोलली नाही. माझ्या गालावर हात फिरवला आणि गेली.

अनिकेतने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पूर्ण नाव काय त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. मी मनीषाला फोन करून विचारलं.

रविवारी उद्घाटन झालं. चौतीस नंबरखाली छोटीशी पट्टी होती: 'डोळे — यमुना हिराजी पाटील, पेण.' बाकी काही नाही. आलेल्या बहुतेकांना ती अनिकेतचीच युक्ती वाटली. एका समीक्षकाने तर 'पन्नास अंधांतला एक डोळस' म्हणून त्यावर दोन कॉलम लिहिले. अनिकेतने त्याला कळवलं की कौतुक चुकीच्या पत्त्यावर आलंय. दुसऱ्या आठवड्यात त्या जुन्या कारखान्याचे मालक आले, आता ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत. चष्मा नव्हता म्हणून लेबल त्यांना वाचता येत नव्हतं. चौतीस नंबरसमोर थांबले आणि म्हणाले, "यमुनेचा हात." मग गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

सहा आठवडे संपले. मूर्ती सोडायचा दिवस आला, आणि इथे माझी कसोटी लागली. मला ती मूर्ती हवी होती. संचालक म्हणून, आणि खरं तर माणूस म्हणून. तो एकच पुरावा होता. पन्नास सोडा, एक म्युझियमच्या संग्रहात राहू दे, असं मी अनिकेतला म्हटलं. तो म्हणाला, डोळे ज्यांचे त्यांना विचारा.

म्हणून मनीषा आणि मी काकीला गाडीत घालून रोह्याला नदीवर घेऊन आलो. चार वर्षांनी ती घराबाहेर पडली होती. खुर्चीत बसवलं, अंगावर शाल घातली आणि चौतीस नंबर तिच्या मांडीवर ठेवला. तिने डाव्या हाताने त्याचं कपाळ चाचपलं. डोळ्यांकडे बघितलं आणि नाक मुरडलं, एखादी भाजी खारट झाल्यावर मुरडतात तसं. मी विचारलं, ठेवून घेऊ का?

तिला बोलायला वेळ लागला. "डोळं उघाडलं... मग किती दिस ठेवशील? सोड."

मग मी तिला ते विचारलं जे सहा आठवडे विचारायचं टाळलं होतं. काकी, हे कसं केलंस?

तिने माझ्याकडे अशा काही आश्चर्याने पाहिलं की ते नाटक नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. म्हणाली, "मला काय ठावं? तू शिकलेली हायस. तूच सांग."

मी म्हटलं, "नाय काकी, मला पण नाय ठावं."

ती मान हलवून हसली, तोंडाच्या एका बाजूने. मी मूर्ती घेऊन गुडघाभर पाण्यात गेले आणि स्वतःच्या हाताने सोडली.

काकी अजून आहे. तसा श्वास तिने पुन्हा कधी धरलेला नाही. मी सगळ्या शक्यता तपासल्या: दुसरी किल्ली, झरोक्यातून कुणी, आमच्यापैकीच कुणी, कॅमेऱ्यात काही बिघाड. एकेक करून सगळ्या बाद झाल्या. रंग कुठून आला, तेही कळलं नाही. तुमच्यापैकी कुणी याला नाव द्याल, मला ते नाव नको आहे. नाव दिल्याने मला काही जास्त कळणार नाही.

मागच्या महिन्यात त्या प्रदर्शनाचा कॅटलॉग छापायला गेला. संपादकांनी प्रूफमध्ये यमुनाकाकीच्या नावापुढे तीन शब्द घातले होते: 'यांचे मानले जाणारे'. पक्का पुरावा नसला की आमच्याकडे असंच छापतात, त्यात त्यांची चूक नाही. मी ते तीन शब्द लाल शाईने कापले आणि बाजूला सही केली.

कसं झालं ते मला आजही माहीत नाही. कुणी केलं, याबद्दल मात्र मला शंका नाही.